पोसो ब्लांकोला राहिलेली

साखर कारखान्याची वसाहत, १२ एप्रिल

देल्फिना बाय,

पाकिटावरचं अक्षर बघून ओळखलंच असशील. एवढं वाकडं आपल्या घरात दुसऱ्या कुणाचं नाही. तिसरीत मी शाळा सोडली तेव्हा शाळेलाच जास्त बरं वाटलं होतं. तू फोन उचलत नाहीस म्हणून हा कागद. कागदाला मध्येच बंद करता येत नाही.

आधी माझी बातमी ऐक. मी आता चाकांवर राहते. माझ्या धाकट्याने, नेस्तोरने, शहरातली भंगारात निघालेली बस घेतली, आतली बाकडी उपटली आणि चूल, पलंग, न्हाणी, सगळं बसवलं. न्हाणी एवढी की पाठ चोळायची तर बाहेर येऊन चोळावी लागते. बसचं नाव पोर्फियादा, म्हणजे आपली हट्टी, कारण चढ दिसला की ती रुसते. घर म्हणून तेवढीच. दुसरं घर आता नाही, ते दिलं भाड्याने. गावोगाव थांबायचं, नेस्तोर लोकांचे फ्रीज दुरुस्त करतो, सून यानिना दारात खुर्ची टाकून केस कापते आणि नात ब्रिसा येईल त्याच्याशी गप्पा मारते. सहा वर्षांची आहे. पुढचा दात पडलाय पण तोंडाला खीळ नाही. यानिना म्हणते, आई, ही तुमच्यावर गेलीय. मी म्हणते, मग तुझी काळजी मिटली, ही उपाशी मरायची नाही.

मला चल म्हणाले तेव्हा मी एकच अट घातली. आप्पा रेल्वेच्या रुळांवर कामाला होते तेव्हा आपण जिथे जिथे राहिलो, त्या सगळ्या जागा मला दाखवायच्या. पहिली ही, कारखान्याची वसाहत. आपल्या खोलीत आता टायरवाला आहे. आंब्याचं झाड तेच आहे, फक्त कुणीतरी त्याला टायर टांगलाय. टायरवाल्याच्या बायकोने मक्याच्या पानात उकडलेलं कणसाचं सारण खायला घातलं. मीठ कमी होतं, पण मी मन मोडलं नाही.

निघताना मी आईसारखं केलं. प्रत्येकाचा एकेक कपडा हातात घेतला, हवेत हलवला आणि तीनतीनदा हाक मारली. चल नेस्तोर, मागे राहू नकोस. चल यानिना. चल ब्रिसा. तुला आठवतं ना? आपल्या डोंगराकडची माणसं जागा सोडताना असंच करतात. माणूस पुढे जातं आणि जीव कधी कधी रमून मागे बसून राहतो, त्याला नावाने उठवून घ्यावं लागतं. यानिना सपाट मुलखातली, रोसारियोची. ती म्हणाली, "आई, आपण घर सोडून कुठे चाललोय? घर घेऊनच तर चाललोय." सगळे हसले. मीही हसले, पण हाक मारायची सोडली नाही.

स्वतःला मात्र स्वतः हाक मारता येत नाही. आईला आप्पा मारायचे. मला नेस्तोर मारतो, माझी शाल हलवून, इकडेतिकडे बघत, कुणी ओळखीचं बघत नाही ना म्हणून.

फेलिसा

पोसो ब्लांको, २१ एप्रिल

देल्फिना,

पोहोचलो. वर चढताना पोर्फियादा वाटेत चारदा रुसली. घाटमाथ्यावरच्या दगडांच्या राशीत आम्ही एकेक दगड ठेवला, धरणीमायेला कोकाची पानं दिली, तेव्हा कुठे ती हलली. उंचीने यानिनाचं डोकं ठणकत होतं. मी तिला पानं चघळायला दिली तर म्हणाली, गवताची चव आहे. मी म्हटलं, गवत चरणाऱ्या लामांची तक्रार नाही.

स्टेशन आहे तसंच आहे. गाडी मात्र येत नाही. पाण्याची टाकी, आपल्या चार खोल्या, आणि पुढे मीठच मीठ. दुपारी बाराला त्या पांढऱ्यावर स्वतःची सावलीसुद्धा सापडत नाही. वारा सुटला की टाकी घुमते. गाव म्हणून आता एकटा सेवेरो राहतो, सांधेवाल्या काकांचा मुलगा, आठवतो? कान हलवून दाखवायचा. आता लामा पाळतो. कान अजून हलतात.

त्याने मला लांबूनच ओळखलं. म्हणाला, "फेलिसा, तू पार म्हातारी झालीस गं. तुझी बहीण बघ, आहे तशी आहे."

मला वाटलं, उंचीवर राहून म्हाताऱ्याचं डोकं विरळ झालं. मी म्हटलं, देल्फिना कोमोदोरोला असते, पार दक्षिणेला, समुद्रावर. तर तो म्हणाला, ती कोण ते मला ठाऊक नाही, मी इथलीबद्दल बोलतोय. आणि भाजलेल्या मक्याची मूठ त्याने टाकीच्या कठड्यावर ठेवली. त्याची आई ठेवायची, आता तो ठेवतो. सकाळी नसतात म्हणे दाणे. पाखरं खात असतील, असं मी म्हटलं. तो म्हणाला, इथे पाखरं कुठे आहेत?

मग ब्रिसा टाकीमागून आली. तोंड पाडून. मी विचारलं, काय झालं?

"आजी, ती मुलगी माझ्याशी खेळत नाही. ती कोंबडी शोधतेय."

देल्फिना, कोंबडीचं मी कुणाला सांगितलं नव्हतं. नेस्तोरलासुद्धा नाही. मीच विसरले होते.

तुला आठवत नसेल, म्हणून सांगते. आप्पांच्या बदलीचा हुकूम आला तो दिवस. मालगाडी उभी होती, सामान चढलं होतं, आई फलाटावर कपडे हलवून हाका मारत होती. आप्पांची आईला हाक मारून झाली होती. मला झाली. आणि आपली पांढरी कोंबडी टोपलीतून निसटली. मग काय, सगळं स्टेशन तिच्या मागे. पांढऱ्या मिठावर पांढरी कोंबडी, दिसते कुठे. आप्पा पालथे पडले, गार्ड हसून हसून खाली बसला. कोंबडी सापडेना, गाडीने शिटी दिली, आईने तुला उचलून डब्यात टाकलं. तिला वाटलं हाका मारून झाल्या. तुझी राहिली होती.

तू तेव्हा सहा वर्षांची. त्या दिवसापर्यंत तू हसून घर डोक्यावर घ्यायचीस. नंतर तू वाढलीस, जेवलीस, शिकलीस, लग्न केलंस, पण तुला हसताना किंवा रडताना मी बघितलं नाही. आईच्या मातीला तू उभी राहिलीस ती घड्याळ बघत. मी तुला चारचौघांत बोलले, तू काही न बोलता बसस्टँडवर गेलीस, आणि आपलं जे तुटलं ते तुटलं. आई जाताना मला म्हणाली होती, धाकटी कुठेतरी सांडली माझ्याकडून. मला वाटलं, तापात बरळतेय.

मी टाकीमागे जाऊन आले. मिठाच्या पापुद्र्यावर बारीक अनवाणी पावलं आहेत, गोल गोल, एकावर एक. इतकी की तेवढ्या वाटेवर मीठ दगडासारखं घट्ट आणि गुळगुळीत झालंय. मी तिथे हात टेकला. सगळीकडे मीठ गार होतं, तेवढी वाट कोमट होती.

घाबरशील तू वाचून. मी नाही घाबरले. बाई गं, मला तर नाचावंसं वाटलं. हरवलं ते कुठे आहे हे कळणं म्हणजे अर्धं सापडल्यासारखंच. आणि आईच्या पेटीतली तुझी लाल लोकरीची टोपी माझ्याकडे आहे. उद्या निघताना बघ मी काय करते.

फेलिसा

साल्ता शहराबाहेर, ३० एप्रिल

देल्फिना, माझ्या साखरे,

तू फोन केलास. तू. नेस्तोरने फोन माझ्या कानाला लावला तर पलीकडे कुणीतरी हुंदके देतंय, मला वाटलं चुकीचा लागला. आणि मग तू विचारलंस, "फेलिसा, ती कोंबडी सापडली का?"

मी चमचा तसाच टाकून रस्त्यावर बसले. यानिना धावत आली, तिला वाटलं मला झटका आला. मी तिला सांगितलं, झटका नाही, बहीण आली.

म्हणजे लागलीच तुला हाक. ऐक कसं झालं ते. निघताना मी दोन्ही हातांनी तुझी टोपी धरली आणि फलाटाच्या टोकाला गेले, आई उभी राहायची तिथे. ओरडले. चल देल्फिना, कोंबडी राहू दे, आपण दुसरी घेऊ. पहिल्या हाकेला काही नाही. दुसऱ्या हाकेला वारा पडला, टाकी घुमायची थांबली. सेवेरोच्या लामा सगळ्या एकदम एकाच बाजूला बघायला लागल्या. तिसऱ्या हाकेला माझ्या हातातली टोपी जड झाली. ओली नाही, जड. झोपलेल्या मुलाचं डोकं कसं लागतं, तशी. मी ती पोटाशी धरून बसमध्ये चढले आणि घाट उतरेपर्यंत मांडीवरून हलवली नाही. पायाला मुंग्या आल्या, येऊ देत म्हटलं. खाली आल्यावर ती पुन्हा नुसती टोपी झाली. मला जरा वाईट वाटलं. आणि दोन दिवसांनी तुझा फोन.

तू म्हणालीस, बेकरीच्या रांगेत तुला एकाएकी रडू फुटलं आणि मग हसू, आणि बेकरीवाल्याने पाव फुकट दिला. बघ, माणूस पूर्ण असला की फायदाच होतो.

मी आज गोड केलंय. ब्रिसाने हात लावला नाही. घाट उतरल्यापासून गप्प आहे. उंचीवरून उतरलं की कान बंद होतात, तसं असेल. शिवाय दुसरा दात हलतोय. मुलं मोठी होतात तेव्हा अशी मुकी होतात थोडी, नेस्तोरही झाला होता.

तुझी फेलिसा

साल्ता शहराबाहेर, १७ मे

देल्फिना,

तुझं पत्र मिळालं. आठ पानं. तू एवढी बडबडी असशील असं मला वाटलं नव्हतं, आता आपलं टपालाला परवडायचं नाही. शेजारणीच्या मांजराचा किस्सा मी दोनदा वाचून घेतला.

मी मागच्या पत्रात ब्रिसाच्या दाताचं लिहिलं होतं. दात पडला. तिने तो टेबलावर ठेवला आणि बाजूला झाली. दात उशीखाली ठेवायचा, रात्री उंदीरमामा येऊन पैसे ठेवतो, हे तिला इतकं माहीत की मागच्या दाताला तिने उंदराला चिठ्ठी लिहून दर वाढवून मागितला होता. या वेळी नाही. ताट समोर ठेवलं की जेवते. ऊठ म्हटलं की उठते. पडली, गुडघा फुटला, तर रक्ताकडे असं बघितलं जसं दुसऱ्याचं आहे. डॉक्टर म्हणाले, मुलगी ठणठणीत आहे.

मला हे सगळं ओळखीचं वाटत होतं गं. पण तुझा फोन यायचा, तू हसायचीस, आणि मला वाटायचं, एवढ्या आनंदात काय वाईट असणार.

काल यानिना ब्रिसाचे केस विंचरत होती. पूर्वी ही पोर ओरडून गल्ली गोळा करायची. काल गुंत्याला हिसका बसला, केसांचा पुंजका हातात आला, आणि पोरीने पापणीसुद्धा हलवली नाही. यानिनाने कंगवा खाली ठेवला. माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, मी असल्या गोष्टी मानत नाही. तरी विचारते. त्या स्टेशनवर तुम्ही माझ्या पोरीला हाक मारली होती का?"

मला तो फलाट आठवला. दोन्ही हातांत तुझी टोपी होती. ब्रिसाचं जाकीट मी घेतलंच नव्हतं. नेस्तोरला नाही, यानिनाला नाही, कुणालाच नाही. मी तुला एकटीलाच बोलावून निघाले होते. मोठ्यांचं सोड, त्यांचे जीव आधीच चिवट असतात, खुंटाला बांधल्यासारखे. लहानांचा मात्र जिथे खेळ तिथे मुक्काम.

यानिना ओरडली असती तर बरं झालं असतं. ती उठली आणि पोर्फियादाची चावी नेस्तोरच्या हातात दिली. नेस्तोर म्हणाला, इंजिनाचं काम अर्धवट आहे, अजून आठवडा लागेल. ती म्हणाली, मग कर पूर्ण, मी बॅटरी धरते. आणि तेव्हा भर दिवस होता.

आईच्या हातून जे झालं ते माझ्या हातून मी होऊ देणार नाही. ब्रिसाला बेकरीच्या रांगेपर्यंत थांबायला लागता कामा नये.

फेलिसा

पोसो ब्लांको, २५ मे

देल्फिना, घाईत लिहितेय, पण तुला पहिल्यांदा सांगायचं.

आज पंचवीस मे, आपला राष्ट्रीय सण, अख्खा देश चौकाचौकांत झेंडे लावून मका-भोपळ्याचं कालवण खात असेल. आम्ही मिठावर उभे. बस थांबली आणि दार उघडायच्या आत ऐकू आलं. टाकीमागून. आमची ब्रिसा. कधीपासून बोलत होती कोण जाणे. स्वतःलाच गोष्ट सांगत होती, आणि मधेच स्वतःला म्हणायची, 'नाही नाही, ते आधी झालं.' आणि बसमध्ये, यानिनाच्या मांडीवर, आमची ब्रिसा तोंड मिटून बसलेली. यानिनाने दोन्ही आवाज ऐकले. म्हणजे एक आवाज आणि एक शांतता. तिने पोरीला एवढं घट्ट धरलं की मला सोडवावं लागलं.

सेवेरो म्हणाला, आल्या दिवसापासून ही झोपू देत नाही. तुमची पहिली गुणी होती, नुसती शोधायची. ही प्रश्न विचारते. लामांची नावं विचारली, सगळ्यांची, आणि ज्यांना नव्हती त्यांना ठेवली. कठड्यावरच्या मक्यात मीठ जास्त झालं म्हणून तक्रारही केली म्हणे. मी तेव्हाच ओळखलं, जशीच्या तशी आहे.

मी जाकीट हलवलं. या वेळी डोकं ठिकाणावर ठेवून. चल ब्रिसा, मागे राहू नकोस. तिसऱ्या हाकेची वेळच आली नाही. दुसऱ्याला टाकीमागचं बोलणं अर्ध्या शब्दात तुटलं आणि उरलेला अर्धा शब्द बसमधून आला. मग म्हणाली, "आजी, मला भूक लागलीय, आणि माझा दात कुठे आहे, उंदराला कुणी विचारलं का?"

यानिना रडतेय, हसतेय, पोरीचे केस विंचरतेय आणि पोर किंचाळतेय. किती छान किंचाळते. यानिनाला हाक मारली, तिचा गाऊन हलवून. या वेळी ती हसली नाही, दोन पावलं पुढे येऊन उभी राहिली. नेस्तोरला मारली. तो स्टिअरिंगवर आहे, थंडीने इंजिन घुटमळतंय, एकदा लागलं की बंद करायचं नाही म्हणतोय. सगळे चढले. मलाही ये ये म्हणून बोंब मारतोय, आई, आता बस झालं, पत्र गाडीत लिही.

आले आले. काय सुरेख दिवस आहे. मीठ असं चमकतंय की इथून हलूच नये.

फेलिसा

तुकुमान, ९ जून

देल्फिना,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली.

आम्ही तुकुमानला आहोत. ब्रिसा बरी आहे. बोलते. नेस्तोरला काम आहे. हवा थंड आहे.

आप्पांच्या उरलेल्या जागा बघायच्या राहिल्या. नेस्तोरने विचारलं. मी म्हटलं, नको.

तू विचारलंस, मला काय पाठवू. काही नको.

फेलिसा

पोसो ब्लांको, २ जुलै

फेलिसा,

हे पत्र तुझ्यासाठी आहे, पण वाचशील ती तू नव्हेस, म्हणून यानिनाला सांगितलंय, मी परत येईपर्यंत जपून ठेव.

तुझं तुकुमानचं पत्र मी स्वयंपाकघरात उभ्याने वाचलं. असं पत्र कोण लिहितं, ते मला माहीत आहे. अशी पत्रं मी आयुष्यभर लिहिली. मी लगेच नेस्तोरला फोन केला. विचारलं, त्या दिवशी आईला हाक कुणी मारली? तो म्हणाला, मी ओरडलो ना, चल म्हणून. मी विचारलं, नाव घेतलंस? शाल हलवलीस? तो म्हणाला, मावशी, इंजिन लागलं होतं. फेलिसा, आपल्या घराण्यात कुणी ना कुणी राहतंच. कधी कोंबडीपायी, कधी इंजिनापायी.

तो बस घेऊन येतो म्हणाला. मी म्हटलं, नको, तिथे सगळे आलात की पुन्हा कुणीतरी राहील. मी एकटी जाते. माझं आता जे काही हसू-रडू आहे ते तू दिलेलं आहे, ते घेऊन घरात बसवत नाही. माझी टोपी आणि तुझी शाल पोस्टाने मागवली. यानिनाने न धुता पाठवली, हुशार आहे तुझी सून. सोबत ब्रिसाने उंदराच्या नावाची चिठ्ठी घातलीय. या दाताला पैशाऐवजी आजीच आण, असं लिहिलंय.

समुद्रापासून इथपर्यंत तीन बस बदलल्या, शेवटी मिठाच्या ट्रकमधून आले. सेवेरो फलाटावर उभा होता. माझ्याकडे बराच वेळ बघितलं. "तू त्या लहानीची कोण?" त्याने विचारलं. मी म्हटलं, मीच ती. तो म्हणाला, मोठी झालीस, बरं झालं. मग कान हलवून दाखवले. मी एवढी हसले की त्या थंडीत श्वास संपला.

त्याला सगळं समजावलंय. मी तुला हाक मारणार, आणि माझं झालं की तो मला मारणार, नाव घेऊन, माझी टोपी हलवून. या वेळी कुणी राहणार नाही. तो म्हणाला, मला कोण हाक मारणार ते विचारू नकोस, मला कुठे जायचंच नाही.

फेलिसा, तू मला टाकीपासून बऱ्याच अंतरावरच ऐकू आलीस. वारा नव्हता. तू भिंतीला सांगत होतीस की कारखान्याच्या वसाहतीत टायरवाल्याच्या बायकोने मीठ कमी घातलं होतं, आणि इथे एवढं मीठ पडलंय की थोडं तिला पाठवायला हवं. सेवेरो म्हणतो, पंचवीस मेपासून अशीच चालू आहे, श्वास घ्यायलाही थांबत नाही, लामांना सगळ्यांच्या भानगडी पाठ झाल्यात.

शाल मांडीवर आहे. हाक मारायला उठायचं आहे. पण मी इथे कठड्यावर, दाण्यांच्या बाजूला बसलेय, आणि तू आईचं सांगायला सुरुवात केली आहेस, मी जन्मायच्या आधीचं, जे तू मला कधी सांगितलं नाहीस कारण सांगून उपयोग नव्हता.

तेवढं संपू दे. मग बोलावते.

देल्फिना